एकच आमदार, नदीची दोन्ही टोकं

२०१९ च्या जानेवारीत आम्ही मेनिंडीला, ऑस्ट्रेलियातल्या डार्लिंग नदीकाठच्या गावाला, गेलो होतो. ब्रोकन हिलपासून साधारण एकशे दहा किलोमीटर, रस्ता सरळ, दोन्ही बाजूंना लाल माती. गाव यायच्या आधीच गाडीत वास शिरला, कुजलेल्या मासळीचा, आणि तो पुढे आठवडाभर माझ्या ओढणीतून गेला नाही. बंधाऱ्यापाशी उतरलो तर पाणी हिरवंगार, वाटाण्याच्या सूपासारखं, आणि त्यावर पांढरी पोटं वर करून मासे, एक-दोन नाही, या काठापासून त्या काठापर्यंत. त्यातले काही मरे कॉड होते, मिठीत धरावा लागेल एवढा एकेक, असा मासा वाढायला कित्येक दशकं लागतात. काठावर एक आजोबा उभे होते, बारकिंजी या तिथल्या मूळ रहिवाशांच्या समाजातले. त्यांनी एका रेड गमच्या बुंध्यावर माझ्या डोक्याच्या वर हात ठेवला आणि म्हणाले, लहानपणी पाणी इथपर्यंत असायचं. बाकी काही बोलले नाहीत.

नवऱ्याच्या माइनमधल्या नोकरीमुळे आम्ही ब्रोकन हिलला साडेतीन वर्षं होतो, आता ऍडलेडला असतो. त्या साडेतीन वर्षांत मला ऑस्ट्रेलियातलं राजकारण जेवढं कळलं तेवढं आधीच्या सिडनीतल्या सहा वर्षांत कळलं नव्हतं. आणि ते कळलं एकाच मतदारसंघामुळे, बारवन. न्यू साउथ वेल्सच्या विधानसभेत ९३ जागा आहेत, त्यातली ही एक. क्षेत्रफळ सुमारे ३ लाख ५६ हजार चौरस किलोमीटर, राज्याचा ४४ टक्के भाग. आपला अख्खा महाराष्ट्र ३ लाख ७ हजार आहे, म्हणजे आपण २८८ आमदार निवडतो त्याहून मोठ्या जमिनीला तिथे एक आमदार, कारण मतदार पन्नास-साठ हजारच. ब्रोकन हिलचं घड्याळ साउथ ऑस्ट्रेलियाप्रमाणे चालतं, बाकी मतदारसंघापेक्षा अर्धा तास मागे, म्हणजे एकाच आमदाराच्या हद्दीत दोन घड्याळं. पूर्व टोकाच्या नॅरब्रायहून पश्चिमेच्या ब्रोकन हिलला गाडीने यायचं तर पूर्ण दिवस जातो.

यावर तिकडे नेहमी एक वाद चालतो आणि मला त्यातच माझं मत मांडायचंय. गावाकडचे लोक म्हणतात एवढ्या मोठ्या भागाला एक आमदार हा अन्याय आहे, ग्रामीण मताला जास्त वजन द्या किंवा मतदारसंघ तोडून लहान करा. शहरातले म्हणतात माणसं मोजायची, मेंढ्या आणि एकर नाही मोजायचे. मला विचाराल तर दोघंही मुख्य गोष्ट सोडून बोलतात. बारवनचा इतिहास नीट बघितला तर दिसतं की प्रश्न मतदारसंघ किती मोठा आहे हा नव्हताच, प्रश्न होता रेघ नदीला कुठे कापते. माझं म्हणणं असं की हा मतदारसंघ एवढा अवाढव्य झाला, नदीची वरची आणि खालची टोकं एकाच आमदाराच्या गळ्यात पडली, ही त्या लोकांच्या बाबतीत घडलेली सगळ्यात चांगली राजकीय गोष्ट आहे, आणि ती मोडू नये.

आधी थोडा इतिहास, कारण त्याशिवाय हे पटणार नाही.

बारवन हे नदीचं नाव. हीच नदी ब्रेवारिना आणि बर्कच्या मधे कुलगोआ नदीला मिळाली की तिला डार्लिंग म्हणतात, बारकिंजी लोक तिला बाका म्हणतात. मतदारसंघ पहिल्यांदा झाला १८९४ साली आणि पहिला आमदार विल्यम विलिस, वर्तमानपत्रवाला आणि जमिनीचा एजंट. पुढे सरकारी जमिनींच्या भाडेपट्ट्यांच्या घोटाळ्यात त्याचं नाव आलं, रॉयल कमिशन बसलं आणि हा दक्षिण आफ्रिकेला निघून गेला. त्या काळात इथली सत्ता म्हणजे जमीन कोणाला मिळते, आज पाणी कोणाला मिळतं, एवढाच फरक. मतदारसंघ मधली काही वर्षं रद्दही झाला होता. १९५० ला कंट्री पार्टीचे, म्हणजे शेतकऱ्यांच्या पक्षाचे, जेफ क्रॉफर्ड निवडून आले ते १९७६ पर्यंत, त्यात बरीच वर्षं कृषिमंत्री. मग वॉल मरे, १९९५ पर्यंत, पक्षाचे राज्यातले नेते आणि १९८८ पासून पाच वर्षं उपमुख्यमंत्री. मग इयन स्लॅक-स्मिथ, मग २००७ पासून केविन हम्फ्रीज, तेही मंत्री झाले, आणि त्यांच्याकडे काही काळ पाणी खातंच होतं. कंट्री पार्टीचं नाव बदलून नॅशनल पार्टी झालं, मग द नॅशनल्स झालं, पण जागा तीच. ६९ वर्षांत चार माणसं. एवढी पक्की जागा की उमेदवारी मिळाली की निवडणूक झाल्यातच जमा.

आता ज्यांना वाटतं की ग्रामीण मताला जादा वजन हवं त्यांनी हे लक्षात घ्यावं की ते वजन तीस-एक वर्षं होतं. १९४९ च्या कायद्यापासून ते १९७० च्या दशकाच्या शेवटापर्यंत न्यू साउथ वेल्समध्ये सिडनी भागाचा कोटा वेगळा आणि ग्रामीण भागाचा वेगळा होता, म्हणजे गावाकडे कमी मतदारांत एक आमदार निवडून यायचा. नेव्हिल रॅन यांच्या लेबर, म्हणजे कामगारांच्या पक्षाच्या, सरकारने ते बंद केलं. बरं, त्या वजनाचं काय झालं? त्याच काळात, १९६५ च्या फेब्रुवारीत, अॅबोरिजिनल, म्हणजे मूळ रहिवाशांमधले, कार्यकर्ते चार्ल्स पर्किन्स आणि सिडनी युनिव्हर्सिटीची मुलं बस घेऊन आजच्या बारवनमधल्या वॉलगेटला गेली, कारण तिथल्या आरएसएल क्लबमध्ये, म्हणजे माजी सैनिकांच्या क्लबमध्ये, महायुद्ध लढून आलेल्या अॅबोरिजिनल सैनिकांनाही मेंबर म्हणून घेत नव्हते. तिथून पुढे मोरीला गेली, तिथे सार्वजनिक स्विमिंग पूलमध्ये अॅबोरिजिनल मुलांना बंदी होती. म्हणजे ग्रामीण मताला दुप्पट वजन दिलं काय आणि चौपट दिलं काय, ते वजन गावात ज्याचं आधीच चालतं त्याच्याच पारड्यात पडतं. गाव म्हणजे एक माणूस नसतो, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

कापसाचंही तसंच. कीपिट धरण १९६० ला झालं, नमोई नदीवर, आणि लगेच पुढच्या वर्षी वी वॉ या गावाजवळ व्यापारी कापूस सुरू झाला. चांगली काळी जमीन, ऊन भरपूर, पाणी आलं, पुढच्या दशकांत पीक वाढतच गेलं. मी वी वॉला एका कापूसवाल्या कुटुंबाकडे दोन दिवस राहिलेय, अतिशय साधी, मेहनती माणसं, पहाटे चारला पंप बघायला जाणारी. मला त्यांना खलनायक करायचं नाहीये. पण पाण्याचं गणित आपल्याकडच्या कॅनॉलसारखंच आहे, हेडवाला प्रामाणिक असला तरी त्याच्या मोटारी चालू असल्या की टेलला पाणी पोचत नाही. नमोई वॉलगेटजवळ बारवनला मिळते, बारवनची पुढे डार्लिंग होते, ती बर्क, विलकॅनिया करत मेनिंडीच्या तलावांत येते, हे अंतर नदीच्या वळणांनी हजार किलोमीटरहून जास्त. आणि टेलला कोण? विलकॅनिया, मेनिंडी, ब्रोकन हिल.

तर गंमत अशी नाही, दुःख असं की अनेक दशकं हेड एका मतदारसंघात होतं आणि टेल दुसऱ्या. ब्रोकन हिल हे खाणीचं, युनियनचं गाव. १९१९-२० मध्ये तिथल्या कामगारांनी अठरा महिने संप करून आठवड्याला ३५ तासांचं काम मिळवलं, तेव्हा जगात फार कमी ठिकाणी असं काही होतं. त्यामुळे त्या गावाचा आमदार लेबरचा, पिढ्यान्पिढ्या. गावाची वस्ती एकेकाळी तीस हजारांवर होती, आता अठरा हजारांच्या आसपास. जसजशी माणसं कमी झाली तसतसा मतदारसंघ फुगत गेला, आधी ब्रोकन हिल नावाची जागा, १९९९ ला विधानसभेच्या जागा ९९ वरून ९३ केल्या तेव्हा ती जाऊन मरे-डार्लिंग, आणि २०१५ च्या निवडणुकीपासून मरे-डार्लिंगही गेली आणि ब्रोकन हिल, मेनिंडी, विलकॅनिया सगळं बारवनमध्ये आलं. तोपर्यंत काय व्हायचं, वरच्या भागाचा आमदार नॅशनल्सचा, बऱ्याचदा मंत्री, त्याला मत देणारे पंपवाले. खालच्या भागाचा आमदार २००७ पर्यंत लेबरचा, मग तोही नॅशनल्सचा, पण त्याला मत देणारे नळाला काळं पाणी आलं म्हणून ओरडणारे. दोघांना एकमेकांच्या मतदारांची गरजच नाही! वरच्याने खालच्याचं ऐकलं काय, नाही ऐकलं काय, त्याची जागा पक्की. खालच्या लेबरवाल्याने विधानसभेत घसा कोरडा केला तरी तो विरोधी पक्षाचा म्हणून सोडून द्यायचे, आणि लेबर सरकार असताना त्याच्या मागे मूठभर मतं म्हणून सोडून द्यायचे.

याच काळात २०१२ ची बारवन-डार्लिंगची पाणीवाटप योजना झाली. नदी कमी वाहत असतानाही मोठे पंप चालवता येतील असे नियम तिच्यात आले. २०१७ च्या जुलैमध्ये एबीसी टीव्हीने वरच्या भागातल्या पाणीचोरीवर कार्यक्रम दाखवला, चौकशी झाली, आणि २०१८ ला पाणी वापरावर नजर ठेवणारी स्वतंत्र यंत्रणा उभी राहिली. २०१९ ला राज्याच्याच नॅचरल रिसोर्सेस कमिशनने लिहिलं की या योजनेतल्या नियमांमुळे नदीचा खालचा भाग दुष्काळाच्या अवस्थेत तीन वर्षं आधीच ढकलला गेला. तीन वर्षं. दुष्काळ खरा होता, २०१७ ते २०१९ सारखा कोरडा काळ तिकडच्या म्हाताऱ्यांनीही बघितला नव्हता, ते कोणी नाकारत नाही. पण टेलवाल्याचा दुष्काळ हेडवाल्याच्या तीन वर्षं आधी सुरू झाला, हे मी म्हणत नाही, सरकारी कागद म्हणतो.

आणि मग सरकारने ब्रोकन हिलसाठी मरे नदीवरून, वेंटवर्थहून, २७० किलोमीटरची पाइपलाइन टाकली. मी तेव्हा तिथे होते, पाणी चांगलं यायला लागलं, आंघोळीनंतर मुलीच्या अंगाला खाज सुटायची ती बंद झाली, मी कृतघ्न नाहीये. पण आमच्या शेजारची बाई, आयुष्य त्या गावात काढलेली, म्हणाली की आता आपण मेनिंडीच्या पाण्यावर अवलंबून नाही म्हणजे मेनिंडीत पाणी ठेवायची कोणाला गरज नाही. तलाव कोरडे झाले तरी शहर ओरडणार नाही. हे मला त्या दिवशी जरा अति वाटलं होतं, मेनिंडीचा बंधारा बघितल्यावर नाही वाटलं.

२३ मार्च २०१९ ला मतदान. माझ्याकडे तेव्हा सिटिझनशिप नव्हती, पीआर म्हणजे कायम राहण्याचा परवाना होता, त्यामुळे मत नव्हतं, पण मैत्रिणीबरोबर शाळेतल्या बूथवर गेले. बाहेर पालकांचा सॉसेजचा स्टॉल, उन्हात लांब रांग, कारण मतदान सक्तीचं आहे, नाही केलं तर दंड. आत मतपत्रिकेवर एक, दोन, तीन असे पसंतीक्रम लिहायचे, आपल्याकडे विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघात लिहितात तसे, आणि इथेही पहिला क्रमांक लिहून थांबलं तरी चालतं. या पद्धतीमुळे लेबरवाल्या खाणकामगाराला आपली पहिली पसंती लेबरला देऊन दुसरी दुसऱ्या कोणाला देता येते, मत वाया जात नाही. रांगेत मी जे ऐकलं ते सगळं पाण्याबद्दल होतं. म्हातारे, तरुण, खाणवाले, मेंढपाळ.

रॉय बटलर जिंकले, शूटर्स फिशर्स अँड फार्मर्स पार्टीचे. नॅशनल्सची १९५० पासूनची जागा गेली. त्याच दिवशी दक्षिणेला मरे मतदारसंघात हेलन डाल्टन त्याच पक्षातर्फे जिंकल्या, तिथेही पाणीच. ऑरेंज मतदारसंघाची त्यांची जागा तर आधीच गेली होती, नोव्हेंबर २०१६ च्या पोटनिवडणुकीत, फक्त ५० मतांनी, १९४७ पासूनची. तिथे कारण होतं ग्रामपंचायतींसारख्या लहान काउन्सिलांचं जबरदस्तीने विलीनीकरण आणि ग्रेहाउंड कुत्र्यांच्या शर्यतींवरची बंदी. निकालानंतर तीन महिन्यांत सरकारने तिथलं विलीनीकरण गुंडाळलं. एवढी वर्षं निष्ठेने मत दिलं तेव्हा जे मिळालं नाही ते एकदा हरवल्यावर मिळालं.

मला त्या पक्षाचं बंदुकीबद्दलचं धोरण अजिबात मान्य नाही, आणि तिथले माझे ओळखीचे कितीतरी लोक ज्यांनी बटलरना मत दिलं त्यांनाही नव्हतं. तो मुद्दा नाहीये. मुद्दा हा की २०१५ पूर्वीच्या रेघा असत्या तर हे घडलंच नसतं असं माझं ठाम मत आहे. मेनिंडीचा राग मरे-डार्लिंगमध्ये राहिला असता आणि वरची जागा शांतपणे नॅशनल्सकडे गेली असती. एकाच मतपेटीत टेलचा राग आणि हेडच्या वॉलगेट, कूनांबलच्या लहान गावांची नाराजी एकत्र आली, वॉलगेटलाही तेव्हा नदी आटून बोअरचं खारट पाणी नळाला येत होतं, बाहेरगावचे लोक ट्रकने बाटल्या पाठवत होते. तेव्हा पहिल्यांदा हेडच्या उमेदवाराला टेलचं मत मागावं लागलं.

पुढचंही बघा. पुराचं पाणी बांध घालून मोठमोठ्या शेततळ्यांत अडवायचं, त्याला परवाने देणारे नियम सरकारने आणले, ते २०२१-२२ मध्ये वरच्या सभागृहाने एकापेक्षा जास्त वेळा फेटाळले, आणि फेटाळणाऱ्यांत शूटर्स पार्टीचे लोक लेबर आणि ग्रीन्सच्या बाजूने बसले. शिकारीच्या बाजूचा पक्ष आणि पर्यावरणवाला पक्ष एका बाजूला! टेलवाल्यांची मतं हातची जातील ही भीती नसती तर हे झालं असतं का? पुढे पक्षाच्या नेत्याने हेलन डाल्टनना मारायची भाषा केली, त्या आधीच पक्षातून बाहेर पडल्या होत्या, मग २०२२ च्या डिसेंबरमध्ये बटलर आणि ऑरेंजचे फिलिप डोनाटोही बाहेर पडले. २०२३ ला तिघंही अपक्ष म्हणून परत निवडून आले. म्हणजे लोकांनी पक्षाला मत दिलं नव्हतं.

आता माझ्या म्हणण्याच्या विरोधात जे आहे तेही मांडते. एक, अपक्ष आमदाराकडे खातं नसतं, सही नसते. २०२३ च्या मार्चमध्ये, मतदानाच्या जेमतेम आठवडाभर आधी, मेनिंडीला परत मासे मेले, या वेळी लाखो नाही, कोट्यवधींच्या घरात, आणि आमदार तेव्हा बटलरच होते. पुरानंतर वाढलेले मासे आणि प्राणवायू संपलेलं पाणी, कारण वेगळं, वास तोच. त्यांना ते थांबवता आलं नाही. मान्य. पण ६९ वर्षांत मंत्री असलेल्यांनी ते थांबवलं असं तर झालं नाही, आणि क्रिस मिन्स यांचं लेबर सरकार ९३ पैकी ४५ जागांवर आल्यामुळे अपक्षांचं ऐकून घ्यावं लागतं ही आजची स्थिती आहे.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे, आणि त्याने मला झोप लागत नाही असा आहे. एवढ्या मोठ्या भागात एक माणूस पोचणार कसा? ऑगस्ट २०२१ ला विलकॅनियात कोविड शिरला तेव्हा साडेसातशेच्या गावात काही आठवड्यांतच सात-आठ माणसांमागे एकाला झाला. घरांत एवढी दाटी की वेगळं ठेवायला मोटरहोम आणून उभ्या केल्या. त्या गावाच्या सेंट्रल डार्लिंग शायरमध्ये, म्हणजे स्थानिक कारभाराच्या हद्दीत, क्षेत्रफळ ५३ हजार चौरस किलोमीटर, २०१३ च्या शेवटी काउन्सिल बाजूला केलं आणि पुढे दहा वर्षांहून जास्त काळ प्रशासक. म्हणजे आमदार शेकडो किलोमीटरवर आणि गल्लीतला नगरसेवकच नव्हता. प्रशासक राज म्हणजे काय हे मुंबई-पुण्याच्या लोकांना मी सांगायला नको, पण तिथे दाद मागायला दुसरं दारच नव्हतं.

म्हणून मी म्हणते, आमदार वाढवू नका, मताला वजन देऊ नका, त्या लोकांचं काउन्सिल त्यांना पूर्ण परत द्या, सगळेच्या सगळे सदस्य निवडून आलेले. आमदाराला ब्रोकन हिल, बर्क, वॉलगेट, नॅरब्राय, कोबार अशा प्रत्येक ठिकाणी कायमचं उघडं ऑफिस आणि माणसं द्या, विमानाचा खर्च शहरातल्या आमदाराच्या तुलनेत कितीही जास्त वाटला तरी द्या. पैशाने अंतर कमी करता येतं. नदी एकदा दोन आमदारांत वाटली की ती परत जोडता येत नाही, निदान पुढच्या दोन निवडणुका तरी नाही.

कारण न्यू साउथ वेल्समध्ये दर दोन निवडणुकांनंतर सीमा नव्याने आखतात, पुढची पाळी २०२७ च्या निवडणुकीनंतर. वस्ती आणखी घटली असेल, सिडनीची वाढली असेल, आणि कोणीतरी नकाशा पुढे ठेवून म्हणेल की हा मतदारसंघ हाताळता येत नाही, नॅरब्राय पूर्वेला जोडा, ब्रोकन हिल दक्षिणेला जोडा, सगळ्यांची सोय होईल. तेव्हा सूचना आणि हरकती मागवतात, कोणीही पाठवू शकतं. मी आता साउथ ऑस्ट्रेलियाची मतदार आहे, तरी मी पाठवणार आहे. त्यात एवढंच लिहीन की वॉलगेट आणि विलकॅनियाच्या मधून रेघ मारू नका, आणि सोबत त्या रेड गमच्या बुंध्याचा फोटो जोडेन, ज्यावर आजोबांचा हात माझ्या डोक्याच्या वर आहे आणि पाणी खाली फ्रेममध्येही येत नाही.